जुन्या गाडीचा गंजून अडकलेला बुश कसा काढावा?

जुनी जीप किंवा अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं, की काम बऱ्याचदा पाट्याच्या बुशापाशी अडतं. रबरी बुशात सहसा आत-बाहेर लोखंडी नळी आणि मधे रबर असतं. पाणी-चिखल मुरून बाहेरची नळी पाट्याच्या टोकाच्या भोकात गंजून बसते.

आधी जीव सांभाळा. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाकांना दगड लावून चासी मजबूत स्टँडवर टेकवा.

काढायची पद्धत :

१. तारेच्या ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या.

२. बोल्ट काढून पाटा खाली घ्या. रबरात ड्रिलने भोकं पाडून मधली नळी ठोकून काढा.

३. हॅकसॉ ब्लेड आत घालून बाहेरच्या नळीला उभा काप द्या. पाट्याला काप जाऊ देऊ नका. मग छिन्नीने नळी आत दाबली की सुटते.

गॅसने तापवणं सोपं वाटतं. पण पाटा लाल झाला की त्याचं पाणी उतरतं आणि भरल्या गाडीत तो मोडू शकतो. जळत्या रबराचा धूरही घातक.

नवा बुश साबणाच्या पाण्याने बसवा. ऑइल-ग्रीसने रबर फुगतं. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चारही चाकांवर उभी असताना. नाहीतर रबराला पीळ राहतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.