विद्यापीठांचे मूल्यांकन : पूर्वतयारीचा आणि आत्मपरीक्षणाचा इतिहास

व्यापारी पेढीवर वर्षाअखेरीस जमाखर्च तपासून पाहण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी संस्थाही आपल्या कार्याचा ताळेबंद मांडतात. विद्यापीठांत मात्र असा ताळेबंद नियमाने मांडण्याची पद्धत आपल्या देशात बरीच उशिरा रुजली. तिचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे ही जबाबदारी कायद्यानेच आयोगावर सोपविली होती. १९६१ ते १९७३ या काळात आयोगाचे अध्यक्षपद डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी भूषविले. उदयपूरच्या जैन कुटुंबात १९०६ साली जन्मलेल्या या पदार्थवैज्ञानिकाने केंब्रिजमध्ये संशोधन केले होते. पुढे स्याद्वाद आणि आधुनिक भौतिकी यांच्यातील साम्यावरही त्यांनी लेखन केले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न राष्ट्रासमोर ठळकपणे मांडला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र होत, ही आपल्याला अभिमानाची बाब आहे.

पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मूल्यांकनासाठी स्वतंत्र यंत्रणेचा पुरस्कार केला आणि १९९४ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, स्थापन झाली. डॉ. कोठारी यांचे १९९३ मध्येच निधन झाले होते. परिषदेची स्थापना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की परीक्षेची उत्तरपत्रिका प्रथम संस्थेनेच लिहावयाची असते. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, ग्रंथालयादी सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन आणि संस्थेची मूल्ये अशा निकषांवर ‘स्वयं-अध्ययन अहवाल’ सिद्ध करावा लागतो. त्यानंतर बाहेरील तज्ज्ञांची समिती येते. ती कुलगुरूंचे निवेदन ऐकतेच, पण विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्याशीही स्वतंत्रपणे बोलते. एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते, हा अनेकान्ताचा विचार आपल्या वाचकांना नवा नाही.

प्रत्यक्ष तयारीत खरी कसोटी लागते ती येथेच. सुकाणू समिती नेमली जाते, निकषवार गट होतात, पाच वर्षांची माहिती मागविली जाते. मग एखाद्या विभागाच्या ध्यानात येते की आपले पदवीधर पुढे कोठे गेले याची नोंदच आपल्याकडे नाही. वसतिगृहातील तक्रारवही कोणी वाचलेली नसते आणि ग्रंथालयातील महागडी नियतकालिके कोणी चाळत नाही, हेही उघड होते. अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. एक म्हणजे उणीव मान्य करून तिच्या निवारणाला लागणे. दुसरा म्हणजे रंगरंगोटी करून, मागील तारखांच्या फायली रचून आणि विद्यार्थ्यांना उत्तरे पढवून पाहुण्यांची वाट पाहणे. दुसऱ्या मार्गाने श्रेणी मिळालीच, तरी पाहुणे गेल्यावर तक्रारवही पुन्हा धूळ खात पडते, आणि त्याची किंमत मोजतो तो विद्यार्थी.

हा धोका ओळखूनच पद्धतीत वेळोवेळी बदल झाले. प्रारंभीच्या तारांकित श्रेणींच्या जागी २००२ मध्ये अक्षरश्रेणी आल्या, तर २००७ पासून चार गुणांच्या मापावरील सरासरी गुणांक आला. संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असावा आणि वार्षिक अहवाल द्यावा, असा आग्रह धरला गेला, जेणेकरून तयारी भेटीपुरती न राहता वर्षभर चालावी. २०१७ पासून आकडेवारीची आगाऊ पडताळणी व विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण सुरू झाले. तरीही प्रश्न संपले नाहीत. २०२३ मध्ये परिषदेच्या कार्यकारी समितीचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी प्रक्रियेतील संभाव्य गैरप्रकारांविषयी चिंता व्यक्त करून पदाचा राजीनामा दिला. २०२४ मध्ये श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अनधिस्वीकृत’ एवढाच निर्णय देणारी पद्धत परिषदेने जाहीर केली.

आपल्या परिसरातील शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्यास २०२१ मध्ये ३.५२ गुणांकासह ‘अ++’ श्रेणी मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु श्रेणीचा फलक प्रवेशद्वारावर लागल्यानंतरही ती वाढविणारी माणसे रोजच्या कामात असतात. वर्ग वेळेवर घेणारा शिक्षक, निकाल वेळेत लावणारा परीक्षा विभागातील लिपिक आणि रात्री अभ्यासिका उघडी ठेवणारा सेवक, हे सारे या मूल्यांकनाचे खरे भागीदार आहेत.

आपल्यापैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी वा पालक आहेत. समिती भेटीस आली असता आपणांस निमंत्रण आल्यास केवळ स्तुती करून परत न येता, जे चांगले आहे ते आणि जे उणे आहे तेही नम्रपणे सांगावे. आपण ज्या संस्थेत शिकलो, तिच्या ऋणातून उतराई होण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग आहे.