कान तुटलेला कप

जानेवारीतला रविवार. सकाळी परसात चिपाडं घालून बंब पेटवला आणि कामाला लागले. दुपारी चार वाजता वडिलांचे शाळेतले मित्र येणार होते. 1960च्या दशकात ते या वाड्यात अनेकदा आले होते, पण ओटीच्या पुढे कधीच आले नव्हते. आज पहिल्यांदा माजघरात बसणार होते.

आईने तांब्या-पितळेची भांडी काढून दिली. चिंच आणि राख लावून ती घासली, उन्हात पालथी घातली. मग ओटी झाडायला घेतली, तेव्हा कोनाड्यात गंजलेल्या कंदिलामागे एक कप सापडला. पांढरा, कान तुटलेला. कुणाचा ते विचारावं लागलं नाही. चहा प्यायल्यावर त्या मुलाने तो स्वतःच विसळून तिथे पालथा घालायचा, असा आजीचा नियम होता.

जुन्या सोवळ्याच्या हिशेबात धातूला सुटका होती. पितळ राखेने, चिंचेने, आगीने शुद्ध होई. भाजलेल्या मातीला ती सवलत नव्हती. म्हणून चिनी मातीचा कप कर्मठ घरांत उशिरा शिरला आणि शिरला तेव्हा वेगळं ठेवायला सोयीचा ठरला.

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटं पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हाती धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभं राहिलं. त्यात टिळक होते, रानडेही होते. 1892मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपण हा प्रसंग सुधारणेच्या इतिहासात वाचतो. कोनाड्यातला कप हातात धरल्यावर मला त्यातली दुसरी बाजू दिसली: त्या मंडळींसाठी परतीचा एक विधी तरी होता. ज्याच्यासाठी कप वेगळा ठेवला जाई, त्याला आत यायला कोणताच विधी नव्हता.

त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी प्यायले. 1950च्या राज्यघटनेतल्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, 1955च्या कायद्याने तिच्यासाठी शिक्षा ठरवली. पण त्या कायद्याचा भर दुकानं, उपाहारगृहं, देवळं, पाणवठे यांवर होता. आमचा कप त्यानंतरचा आहे. गावच्या विहिरीवर जे चालेनासं झालं, ते आमच्या ओटीवर चालू राहिलं.

आई म्हणाली, "टाकून दे. त्यांच्या नजरेला पडायला नको." मीही उठले होते. पण टाकला, की आमच्या घरात असं काही घडलंच नाही, असं म्हणायला आम्ही मोकळे. लाज कुणाची झाकली जाणार होती, त्यांची की आमची?

वडील बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. म्हणाले, "मी याच ओटीवर त्याच्या शेजारी बसून कानाच्या कपातून चहा प्यायचो. एकदाही आजीला विचारलं नाही. आज निदान त्याला तरी सांगतो."

कप त्यांनी धुतला आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवला. मी फडताळातून सहा सारखे कप काढले, पुसले. आधण ठेवायला अजून अर्धा तास होता.