जळालेल्या नाटकघराचा अर्धा हिशोब

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. मी इचलकरंजीत सूतगिरणीत रात्रपाळीला. तुटलेला धागा सांधत होतो, तेवढ्यात पलीकडच्या साच्यावरच्या पोरानं मोबाईल पुढं केला. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. आग काय चीज असते ते गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं. दगडी भिंती तेवढ्या उरल्या. आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती.

मग जो तो रडला. रडावं, माझी तक्रार नाही. पण त्या रडण्यात इतिहास अर्धाच आला.

१९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचा जुना आखाडा पाहिला, नाटकघरं पाहिली. त्यातून पुढं खासबागचं कुस्तीमैदान झालं, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून हे नाटकघर. आणि ते परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ ला, संस्थानच्या गॅझेटात हुकूम निघाला : मागासलेल्यांना नोकरीत निम्म्या जागा. एकच माणूस, एकच प्रवास. नाटकवाले पहिलं सांगतात, आपण दुसरं सांगतो. दोन्ही एका दमात कोण सांगतो?

१९१३ ला काम सुरू झालं, १९१५ ला दार उघडलं. नाव पॅलेस थिएटर. सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायची नाही हा हुकूम मात्र १९१९ चा. मग मधली चार वर्षं आपला माणूस कुठं होता? आत, दारात, की रस्त्यावर? राजा चांगला होता म्हणून हा प्रश्न विचारायचाच नाही, असं थोडंच आहे!

त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर. सुताराच्या घरातला गडी. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता चलचित्राच्या नादी लागला. आनंदराव आणि हा, दोघा भावांनी हातानं कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ लाच गेले. बाबूरावांनी काम तडीला नेलं, आणि १९२० ला ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्यानं हातात पटाशी धरलीय त्यालाच हे सुचतं. पुस्तकं वाचून कॅमेरा होत नाही.

केशवराव पोरवयातच नाटक कंपनीत गेले. १९०८ ला स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर मुंबईत संयुक्त ‘मानापमान’, टिळक स्वराज्य फंडासाठी. ऑक्टोबरात खलास. वय ३१. थिएटरला त्यांचं नाव लागायला १९५७ उजाडलं.

मी त्या रंगमंचावर एकदाच चढलो, तेही मित्रांच्या एकांकिकेची लेव्हलं उचलायला. पाट्या टाकल्या, विंगेत उभा राहिलो, पाय थरथरत होते.

आगीनंतर सुट्टीच्या दिवशी गेलो. वॉचमननं फाटकातच अडवलं. पुढं महापालिकेनं पुनर्बांधणी हाती घेतली. सगळे म्हणतात, जसंच्या तसं झालं पाहिजे. होऊ दे. आत पाटीवर राजाचं नाव असेल, गवयाचं असेल. दगड फोडणाऱ्यांसाठी एक ओळ ठेवा, आणि १९०२ चा तो हुकूमही तिथंच लावा.

दोस्तहो, घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर बसून विचारा. आज्या-पणज्यानं पॅलेस आतून पाहिलं होतं का? तिकीट कुठल्या खिडकीवर मिळायचं? कळेल ते कार्डावर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.