खाशाबांचे उत्तरायुष्य

१९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा ४४ वर्षांपूर्वीचे एक नाव पुन्हा उच्चारले गेले. आपणां पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींनाही ऑलिंपिक ठाऊक असे ते हॉकीमुळेच! स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मात्र गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीत जिंकले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले होते. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये. पुढे निवृत्तिवेतनासाठीही झगडणेच नशिबी आले. १९८४ साली रस्ते-अपघातात ते निवर्तले. अर्जुन पुरस्कार लाभला, तोही त्यानंतर सोळा वर्षे उलटल्यावर.