काचघरातल्या राजकन्या : व्हिरेया ऱ्होडोडेंड्रॉनच्या संकराचा इतिहास

मंडळी, ऱ्होडोडेंड्रॉन म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. कुमाऊँ-गढवालकडे ट्रेकला गेलेल्यांनी लालभडक बुरांस पाहिलेला असतो, त्याचं सरबतही प्यायलेलं असतं. आज आपण त्याच्या दूरच्या भावंडांविषयी बोलणार आहोत. ही झाडं बोर्निओ, सुमात्रा, जावा, फिलिपिन्स, न्यू गिनी अशा बेटांवरची. त्यांना व्हिरेया म्हणतात. जावात काम केलेल्या ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२६ साली व्हिरे या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून हे नाव दिलं. ऱ्होडोडेंड्रॉनच्या हजारेक जातींपैकी सुमारे तीनशे या गटातल्या आहेत.

इंग्लंडमधल्या एकाच रोपवाटिकेनं या झाडांचे पाचशेच्या वर संकर तयार केले. त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरले आहेत. एवढी संपत्ती गेली कुठे, हा आजचा प्रश्न.

सुरुवात १८४०च्या दशकात होते. त्या काळी इंग्लंडात तीन गोष्टी जुळून आल्या. १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काचघरं स्वस्त झाली. वॉर्डच्या बंद काचपेटीमुळे जिवंत रोपं महिनोन्‌महिने जहाजातून आणता येऊ लागली. आणि कोळसा मुबलक होता. एक्सेटरच्या व्हीच घराण्यानं हे ओळखलं. त्यांनी १८४३ साली थॉमस लॉब या कॉर्निश तरुणाला आग्नेय आशियात पाठवलं. त्यानं जावाच्या डोंगरांवरून नारिंगी फुलांचा जावानिकम पाठवला, मलायातून पांढऱ्या, लांब नळीच्या, सुवासिक फुलांचा जॅस्मिनिफ्लोरम पाठवला. सारावाकमध्ये ह्यू लो याला ब्रुकियानम सापडला. तिथल्या गोऱ्या राजाचं, जेम्स ब्रुकचं नाव त्याला मिळालं. झाडं तिथल्या जंगलातली, नावं मात्र साहेबांची, हे त्या काळाला धरूनच होतं.

१८५३ मध्ये व्हीच मंडळींनी लंडनच्या चेल्सी भागातली रोपवाटिका घेतली. संकराचं काम तिथेच वाढलं. पहिली जोडी लावली ती पांढऱ्या जॅस्मिनिफ्लोरमची आणि नारिंगी जावानिकमची. पिल्लू निघालं गुलाबी! नारिंगी म्हणजे पिवळा आणि तांबडा मिळून झालेला रंग. संकरात पिवळा मागे पडला, तांबडा फिका होऊन उरला. या वाणाचं नाव ठेवलं ‘प्रिन्सेस रॉयल’. त्याचा पुन्हा जॅस्मिनिफ्लोरमशी संकर करून ‘प्रिन्सेस अलेक्झांड्रा’ आली, जवळजवळ पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली. पुढे जॉन हील या माळ्यानं वर्षानुवर्षं हे काम केलं. पुंकेसरांच्या पाकळ्या झालेलं एक रोप निघालं, त्यातून दुहेरी फुलांची मालिकाच उभी राहिली. आणि हे सगळं जेमतेम सात मूळ जातींतून.

१८९१ साली जॉर्ज हेन्स्लो यांनी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात या संकरांवर मोठा लेख लिहिला. रंग पुढच्या पिढीत कसे जातात याची त्यांनी बारकाईनं तपासणी केली. मेंडेलचं काम तेव्हा विस्मरणात गेलेलं होतं, ते १९०० साली पुन्हा उजेडात आलं. म्हणजे आनुवंशिकतेचा धडा या कुंड्यांमध्ये मांडून ठेवला होता, पण तो वाचायची लिपी अजून हातात नव्हती.

मग हे वाण गेले का? आम्हाला याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण कोळसा. इंग्लंडच्या हिवाळ्यात ही झाडं पेटत्या भट्टीशिवाय जगत नाहीत, कारण त्यांना दहिवर सोसत नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. कोळसा महागला, माळी सैन्यात गेले. चेल्सीची व्हीच रोपवाटिकाही त्याच वर्षी बंद झाली. श्रीमंतांच्या घरची काचघरं एकामागून एक थंड पडली.

दुसरं कारण आपल्याला कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम बांधतो. संकरित ऱ्होडोडेंड्रॉनचंही तसंच. बी पेरलं तर रोपं येतात, पण प्रत्येक वेगळं. ‘प्रिन्सेस रॉयल’ हवी असेल तर तिचीच फांदी तोडून लावायला हवी. शेवटचं झाड मेलं की वाण संपला. रानातली जात रानात शिल्लक असते. संकराला रान नसतं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगू. हर्मन स्लोयमर यांनी १९६६ साली या झाडांचं सविस्तर वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास न्यू गिनीच्या डोंगरांतून लेटम, झोलेरी, कोनोरी अशा जातींचं बी आणि रोपं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सॅन फ्रान्सिस्को इथे पोचली. तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. उष्ण कटिबंधातलं झाड म्हणजे उष्णतेचं झाड नव्हे. यातल्या अनेक जाती हजार ते तीन हजार मीटर उंचीवरच्या ढगांत, मोठ्या झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर वाढतात. त्यांना गार हवा, दहिवर नको, आणि मुळाशी पाणी साचून चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात ती उघड्यावर वाढली. मातीऐवजी सालीचे तुकडे भरलेल्या कुंड्यांत मुळं मोकळा श्वास घेऊ लागली. कोळशाची गरजच उरली नाही.

नव्या संकरांची संख्या आज मोठी आहे. पिवळे, भगवे, दुरंगी, सुवासिक. पण अडचण जुनीच आहे. अनेक वाण हौशी लोकांच्या बागांत आहेत आणि बाग माणसाबरोबर म्हातारी होते. त्यात भर अशी, की डोंगरमाथ्यावरच्या मूळ जातींना हवा तापली तर आणखी वर सरकायला जागा नाही. चेल्सीचे संकर गेले तरी जावानिकम रानात होता, म्हणून पुन्हा सुरुवात करता आली. रानच गेलं तर तीही सोय राहणार नाही.

म्हणून आम्हाला इतकंच सांगायचं आहे. वाण तयार करणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. पण ‘प्रिन्सेस अलेक्झांड्रा’ आजही फुलते ती युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांत कुणीतरी तिची फांदी तोडून दुसऱ्या कुंडीत लावली म्हणून. त्या माळ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आपल्याकडे एखादा जुना आंबा, जुनी अबोली, आजीच्या अंगणातली मोगऱ्याची जात असेल, तर या पावसाळ्यात तिचं एक कलम शेजाऱ्याला द्या. दोन अंगणांत असलेलं झाड एका अंगणातल्या झाडापेक्षा जास्त टिकतं.