खाऱ्या पाण्याच्या टाकीत ‘मोली’ कशाला? समुद्री माशांच्या जिवंत खाण्याचं गणित

गगनबावड्याच्या एका अंगाला कुंभीचं गोडं पाणी पंचगंगेकडे जातं. दुसऱ्या अंगाला करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की कोकणातल्या खाड्यांची वाट लागते. अशा ठिकाणी कुणी समुद्री माशांची टाकी ठेवली आणि त्यात लायनफिशसारखा शिकारी मासा आणला, तर पहिली अडचण खाण्याची. नवा लायनफिश बऱ्याचदा न हलणाऱ्या खाण्याला तोंडच लावत नाही.

दुकानदार सहसा छोटे गोल्डफिश देतो. स्वस्त आहेत, पण नेहमीच्या खाण्यासाठी वाईट. गोल्डफिशमधलं थायमिनेज हे एन्झाइम बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, त्यामुळे महिनोन् महिने तेच खाल्लेला शिकारी मासा आजारी पडतो. शिवाय न खाल्लेला गोल्डफिश खाऱ्या पाण्यात तगत नाही. तो मरून पाणी नासवतो.

मग खाडीतली बोय माशाची पिल्लं? ती खाऱ्या पाण्यात टिकतात, पण सोबत परजीवी आणतात. आणि पावसाळ्यात दरड येऊन घाट बंद झाला की पुरवठाही बंद.

मोलीचा फायदा काय?

मोली मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या नद्या आणि खाड्यांमधला. गोडं, मचूळ आणि पूर्ण खारं अशा तिन्ही पाण्यांत तो जगू शकतो. मादी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी थेट पिल्लं देते. एका वेळी २०-३० पिल्लं सहज, मोठी मादी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे वेगळ्या टाकीत चार-सहा माद्या आणि एक-दोन नर ठेवले की खाणं घरातच तयार होतं.

मात्र दुकानातून आणून थेट खाऱ्या पाण्यात सोडायचा नाही. गोड्या पाण्यातला मासा अंगात शिरणारं पाणी बाहेर टाकत असतो. खाऱ्यात उलट होतं: पाणी प्यायचं आणि कल्ल्यांमधल्या पेशींनी मीठ बाहेर फेकायचं. या पेशी तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून आठवडाभरात, रोज लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम या हिशेबाने क्षार वाढवत समुद्राच्या ३५ ग्रॅमपर्यंत जावं. मीठ मत्स्यालयाचंच हवं. स्वयंपाकघरातल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं.

मोलीतही समुद्री माशाला लागणारं ओमेगा-३ आपोआप येत नाही. शिकाऱ्याला देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना स्पिरुलिना आणि समुद्री माशांपासून बनवलेलं खाद्य भरपूर चारावं लागतं. गोड्या पाण्यातले बरेच परजीवी खाऱ्यात मरतात, हा आणखी एक फायदा. पण मोलीची टाकी वेगळीच ठेवावी आणि जाळी, नळी दोन्हीकडे वापरू नये, कारण समुद्री परजीवी मोलीलाही लागतात. गर्दीच्या टाकीत वीज गेल्यावर प्राणवायू लवकर संपतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलेला बरा.

जिवंत खाणं कायमचं ठेवायचंही कारण नाही. लायनफिश रुळला की चिमट्यात धरून हलवलेला कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा तो घेऊ लागतो, आणि मोली अधूनमधून दिली तरी चालते.

उरलेल्या मोली कुंभीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. जगात अनेक ठिकाणी हा मासा असाच टाकीतून बाहेर पडून पसरला आहे. नको असतील तर दुकानदाराला परत द्याव्यात.