दोनशे दिरहम आणि आठशे डॉलर

मराठी मुसलमानाच्या घरात 'जकात' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. रमजानमध्ये हिशेब करून गरिबाला द्यायची ती जकात, आणि नाक्यावर मालट्रक थांबवून वसूल व्हायची तीही जकात. मुंबईतली ही दुसरी जकात 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर संपली. दोन्हींचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. सुरुवातीच्या इस्लामी राज्यात मुसलमान व्यापाऱ्याकडून नाक्यावर घेतलेली रक्कम त्याची जकातच मानली जाई.

त्या नाक्याचे नियम मी अलीकडे पुन्हा वाचले, ते अमेरिकेच्या एका निर्णयामुळे. 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या लहान पार्सलांची करमाफी सर्व देशांसाठी बंद केली. आपल्या टपाल खात्याने तर 25 ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा भारतातून टपालाने जाणाऱ्या मालावर जाहीर किमतीच्या 50 टक्के कर लागत होता. आपल्याकडचा एखादा हिमरू विणकर किंवा कोल्हापुरी चपला करणारा कारागीर मोबाइलवर फोटो टाकून थेट न्यू जर्सीच्या ग्राहकाला माल विकू शकतो. त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे गिऱ्हाईक तुटणे.

ही करमाफी जुनी होती. अमेरिकेने 1938 मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. भेटवस्तूंना 5 डॉलरपर्यंत आणि इतर मालाला 1 डॉलरपर्यंत सूट होती. कारण साधे होते : इतक्या लहान वस्तूवर कर वसूल करायचा खर्च करापेक्षा जास्त. पुढे 1978 मध्ये ही मर्यादा 5 डॉलर, 1990 च्या दशकात 200 डॉलर आणि 2016 मध्ये 800 डॉलर झाली.

ही कल्पना मात्र अमेरिकेच्या आधी शेकडो वर्षांची आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत (634 ते 644) सीमेवरच्या व्यापारी कराची घडी बसली. अबू मूसा अशअरी यांनी कळवले की आपले व्यापारी परमुलखात गेले की त्यांच्याकडून दशांश घेतात. उत्तर आले की, ते घेतात तसे तुम्हीही घ्या. आज ज्याला 'जशास तसे टॅरिफ' म्हणतात ते हेच. परमुलखातल्या व्यापाऱ्याला 10 टक्के, राज्यातल्या बिगरमुस्लिमाला 5 आणि मुसलमानाला अडीच टक्के असे दर होते. धर्मानुसार दर ही त्या काळाची चौकट, आजच्या समान नागरिकत्वात ती बसणार नाही. पण त्याच व्यवस्थेत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. मदिनेत गहू आणि तेल भरपूर यावे म्हणून नबाती व्यापाऱ्यांचा त्यावरचा कर निम्मा केला गेला. आणि दुसरी गोष्ट, 200 दिरहमपेक्षा कमी किमतीचा माल असेल तर नाक्यावर काहीच घ्यायचे नाही.

हारून रशीद यांच्यासाठी 'किताब अल-खराज' लिहिणारे काझी अबू यूसुफ यांनी हा नियम नोंदवला आहे. ते पुढे सांगतात की, एखादा व्यापारी प्रत्येक वेळी 200 पेक्षा कमीचा माल घेऊन अनेकदा गेला, तरी त्या फेऱ्यांची बेरीज करू नये. म्हणजे पळवाट तेव्हाही होती. पण माणूस उंटावरून वर्षात किती फेऱ्या मारणार? प्रवासाचे कष्ट हेच त्या पळवाटेचे कुलूप होते.

इंटरनेटने ते कुलूप काढले. अमेरिकेत 2015 च्या सुमारास वर्षाला सुमारे 14 कोटी करमुक्त पार्सले येत होती. 2024 च्या आर्थिक वर्षात ती 136 कोटींवर गेली. यात मोठा वाटा चीनमधून कपडे नि किरकोळ वस्तू पाठवणाऱ्या बलाढ्य ऑनलाइन कंपन्यांचा होता. कंपनी अब्जावधींची, पार्सल मात्र वीस डॉलरचे, त्यामुळे ती नाक्यावर 'लहान' ठरली. शेवटी मोठ्यांना अडवण्यासाठी दार बंद झाले, आणि त्यात खरोखर लहान असलेलाही बाहेर राहिला.

याच काळातला दुसरा नियम पाहा. मे 1998 मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी ठरवले की इंटरनेटवरून जाणाऱ्या मालावर, म्हणजे सॉफ्टवेअर, संगीत, चित्रपट यांवर सीमाशुल्क लावायचे नाही. तो ठराव तात्पुरता होता, पण 2022 मध्ये जिनिव्हात आणि 2024 मध्ये अबुधाबीत भारत आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांच्या हरकती असूनही मुदत वाढत गेली. बड्या कंपनीची फाइल करमुक्त आणि हाताने विणलेली शाल करपात्र, असा हा हिशेब होता. जिथे हे ठरते त्या टेबलावर विणकराची खुर्ची नसते.

मोठ्या कंपन्यांवर कर लावू नये असे माझे म्हणणे नाही. चूक आहे ती मोजण्यात. पार्सल मोजण्याऐवजी पाठवणाऱ्याची वर्षाची उलाढाल मोजली पाहिजे. हे अशक्य नाही. आपल्या जीएसटीत लहान दुकानदाराची सूट उलाढालीवरच ठरते. अबू यूसुफ यांच्या काळातल्या अंमलदाराला बेरीज ठेवणे कठीण होते. आज प्रत्येक विक्रेत्याने वर्षात काय विकले याची पैसा न् पैशाची नोंद ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांकडे तयार असते. ज्या तंत्राने जुना नियम मोडला, त्याच तंत्राने नवा बांधता येईल. भारत सरकार अमेरिकेशी व्यापारावर बोलते तेव्हा पोलाद आणि औषधांबरोबर ही एक ओळ मांडायला काय हरकत आहे?